रिंगमधली अदलाबदल

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना एका डॉबरमन कुत्रीला घेऊन डॉग शोमध्ये उतरली होती, असं मी कुणाला सांगितलं की ऐकणारा आधी माझ्याकडेच बघतो. कारण मी कुत्र्यांना घाबरते हे आमच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक आहे. नुसती दचकते असं नाही. रस्त्यात पुढे कुत्रं दिसलं की माझे पाय मला न विचारता वळतात, आणि भान येतं तेव्हा मी शेजारच्या गल्लीत असते.

कारण साधं आहे. वडील तहसिलीत नोकरीला होते आणि माझ्या लहानपणाची काही वर्षं कुंडम नावाच्या लहानशा गावी गेली. शाळेतून परतताना एका कुत्र्याने पोटरी धरली. जखम भरली, पोटातली इंजेक्शनंही संपली. पण त्यानंतर कितीतरी दिवस आई रोज सकाळी मला पाण्याचा पेला द्यायची आणि मी पिते की नाही ते बघत उभी राहायची. ती का बघते ते तेव्हा कळत नव्हतं. पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस पाण्याला घाबरतो हे मोठेपणी कळलं, तेव्हा भीती जायच्या ऐवजी पक्की झाली.

आमचं घर मदन महलच्या बाजूला. मी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात, ऑफिसच्या कामाला. नवरा रेल्वेत. गल्लीच्या टोकाला सैन्याच्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक नर्सबाई राहतात. सारी गल्ली त्यांना मेजर दीदी म्हणते. मूळच्या केरळच्या, पण उभं आयुष्य उत्तरेकडच्या छावण्यांमध्ये गेलं, त्यामुळे हिंदी अगदी पलटणीची. लग्न केलेलं नाही. घरात एक कुत्री असते, नेहमी डॉबरमन. एक म्हातारी होऊन गेली की काही महिन्यांनी दुसरी येते. त्या वेळी जी होती, आणि अजूनही आहे, ती काळीभोर, भुवयांवर आणि पायांवर तांबूस ठिपके. कागदावर तिचं लांबलचक विलायती नाव होतं. दीदी तिला नुसतं 'बेटा' म्हणायच्या. गल्लीतल्या मुलांनाही त्या बेटाच म्हणतात, त्यामुळे त्यांनी फाटकातून हाक मारली की कुत्री आणि दोन-चार पोरं अशी सगळीच वळून बघायची.

माझी मुलगी शाळेतून येताना तिथे थांबते हे मला माहीत होतं. मी माहीत नसल्यासारखं वागत होते. फाटकाच्या आतलं मला बघायचंच नव्हतं.

एका रविवारी मेजर दीदी आमच्याकडे आल्या. कुत्रीला घरी ठेवून, इस्त्रीची साडी नेसून, एखादं सरकारी काम घेऊन यावं तशा. चहा घेतला आणि मग सरळ मुद्द्यावर आल्या. दर हिवाळ्यात त्या आपल्या कुत्रीला डॉग शोमध्ये नेत असत. तिथे कुत्र्याबरोबर पळावं लागतं, आणि आता त्यांचे गुडघे पळण्यासारखे राहिले नव्हते. बेटाचं वय मात्र ऐन उमेदीचं होतं, ते काही त्यांच्या गुडघ्यांसाठी थांबणार नव्हतं. माझ्या मुलीने बेटाला रिंगमध्ये न्यावं अशी त्यांची इच्छा होती. शोमध्ये लहान मुलांचा एक वेगळा वर्ग असतो, त्याला ज्युनिअर हँडलर म्हणतात. त्यात जज कुत्र्याला नाही, मुलाला जोखतात: तो कुत्र्याला कसा उभा करतो, कसा चालवतो, कसा सांभाळतो. आधी त्यात, आणि जमलं तर दुपारी मोठ्यांच्या बरोबरीने बेटाच्या जातीच्या वर्गात.

मी नाही म्हटलं. विचार न करता, त्यांचं बोलणं पुरतं संपायच्या आत. दीदींनी वाईट वाटून घेतलं नाही. बशी नीट टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या. मुलगी आतल्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही, आणि तेच मला लागलं, कारण गप्प बसणं हा तिचा स्वभाव नव्हे.

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काहून नाही म्हणून राहिली? भीती तुला आहे, तिला थोडीच आहे."

दुसऱ्या दिवशी मी दीदींना फोन करून हो म्हटलं, पण एक अट घातली. मुलगी कुत्रीबरोबर असेल तेव्हा मी तिथे हजर असणार. हजर राहून मी काय करणार होते, ते दीदींनी विचारलं नाही.

मदन महल किल्ल्याच्या टेकडीच्या पायथ्याशी, मोठमोठ्या काळ्या शिळांच्या मध्ये, एक सपाट मोकळी जागा आहे. रविवारी सकाळी तिथे सराव सुरू झाला. दीदी घडीच्या स्टुलावर बसायच्या. मी एका उंच दगडावर, पाय वर घेऊन. शेजारून फिरायला जाणाऱ्यांना वाटत असेल, बाई ध्यान करते आहे.

सरावात काय असणार, पळणं, उड्या, असं मला वाटत होतं. तर कितीतरी रविवार नुसतं उभं राहणं चाललं. कुत्र्याचे पुढचे पाय सरळ खाली, मागचे थोडे मागे, मान वर, आणि पट्टा हातात असा, की आहे पण ओढत नाही. जज आला की कुत्र्याचा ओठ उचलून दात दाखवायचे. जज कुठेही असो, त्याच्यावरून नजर हटवायची नाही, त्याच्याकडे पाठ तर कधीच करायची नाही. आमची मुलगी जेवताना दोनदा ताटावरून उठणारी, एक वही उघडी टाकून दुसरी काढणारी. तिला असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तीच ती पोर, पण कुत्रीच्या शेजारी उभी राहिली की तिचे हात शांत व्हायचे. आपण हललो तर बेटा हलते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पट्ट्यातून कळलं असावं.

दीदी एकदा तिला म्हणाल्या, "अच्छा हँडलर वो है जो दिखे नहीं।"

मुलीने विचारलं, मग जज बघणार काय? दीदी हसल्या. तेच तर बघणार, म्हणाल्या.

त्या वाक्यावर मी बरेच दिवस विचार करत होते. आपण मुलांना दिसायला शिकवतो. स्टेजवर पाठव, हात वर करायला सांग, पुढच्या बाकावर बस म्हण. इथे एक बाई माझ्या मुलीला न दिसण्याची कला शिकवत होती, आणि त्यासाठी तिला नंबर मिळणार होता. मला ते उलटंही वाटायचं आणि खरंही वाटायचं. घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ही कला शिकवावी लागत नाही.

मग एका रविवारी अडचण आली. जज तपासतात तसं कुत्रीला कुणीतरी परकं माणूस हात लावून तपासायला हवं होतं. मुलगी आणि दीदी तिला परक्या नव्हत्या. तिथे परकी एकटी मीच. दीदींनी दगडाकडे बघून मला बोलावलं. मी उतरले, चार पावलं गेले आणि थांबले. पुढे पाय उचलेना.

मुलगी म्हणाली, "आई, तू तिथूनच कर ना. चलेगा." अगदी सहज म्हणाली, कमीपणा न आणता.

मी लांबूनच कुत्रीभोवती एक फेरी घातली, वाकून बघितल्यासारखं केलं आणि दगडावर परत गेले. पुढच्या रविवारी फेरी थोडी लहान झाली. त्याच्या पुढच्या वेळी आणखी. बेटा मान न हलवता फक्त डोळ्यांनी माझ्यामागे फिरायची. थंडी पडायला लागली तेव्हा एका सकाळी मी तिच्या पाठीला हात लावला, तळवा नाही, हाताची मागची बाजू, लेकराचा ताप बघतो तशी. उन्हाने तिची पाठ गरम झाली होती. मुलीने शिकवल्याप्रमाणे बेटाचा ओठ वर उचलला आणि ते दात मला दाखवले. पांढरे, मोठे दात, आणि त्यांच्याशी माझ्या लेकीची बोटं. मी बघितलं आणि मान हलवली. जज तशीच मान हलवतात, असं दीदी म्हणाल्या.

शो छावणीतल्या एका मैदानावर होता. सकाळचं धुकं उठायच्या आधीच गाड्या लागल्या होत्या, नागपूरच्या, भोपाळच्या, कुठल्या कुठल्या. कनाती, लोखंडी पिंजरे, जनरेटरवर चालणारे केस वाळवायचे पंखे. पांढऱ्या कुत्र्यांना पावडर लावत होते. माझ्यासाठी ती जागा म्हणजे वाईट स्वप्नच होतं, पण मुलीच्या मागे चालताना मला एक गोष्ट दिसली. तिथे कुत्री भुंकत नव्हती. माणसंच जास्त बोलत होती.

एक वाक्य सतत कानावर पडत होतं: असली जातीचा आहे, आईबाप दोन्हीकडून शुद्ध. कुत्र्याच्या आजा-पणज्यांची नावं लोक तोंडपाठ सांगत होते. मला आमच्याकडची लग्नं जमवतानाची बोलणी आठवली आणि थोडं अवघडल्यासारखं झालं. तरी कुत्र्यांचं एक बरं होतं. दीदींनी सांगितलं होतं, प्रत्येक जातीचा उत्तम नमुना कसा असावा हे लिहून ठेवलेलं आहे आणि जज त्याच्याशी ताडून बघतात; त्यात पुरतं बसणारं कुत्रं आजवर जन्मलेलं नाही. म्हणजे सगळेच थोडेथोडे कमी. मुलांचं तसं काही लिहिलेलं नव्हतं. मुलांच्या वर्गाची रांग लागली तेव्हा मला धास्ती वाटली ती कुत्र्यांची नव्हती. मुलांना असं एका ओळीत उभं करून कुणीतरी निरखून बघणार, याचीच.

पाच मुलं होती. दोरी बांधून आखलेला चौकोन, तीच रिंग, मध्ये जज, वयस्क, डोक्याला टोपी, बोलणं अगदी हळू. माझ्या मुलीने बेटाला उभं केलं ते मी इतक्या रविवारी पाहिलं होतं तसंच. ती दिसतच नव्हती. बेटाच तेवढी दिसत होती. शेजारी दीदी प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी माझा हात हलकेच दाबला.

मुलीच्या मागे रांगेत एक छोटी मुलगी होती, आठेक वर्षांची, दोन शेपट्या, लाल स्वेटर. तिच्याकडे बॉक्सर जातीचा दांडगा कुत्रा होता. तिचे वडील दोरीच्या बाहेरून तिच्याबरोबर सरकत होते आणि सारखं सांगत होते, हात वर, मान वर, उधर नहीं, इधर. ती जजकडे कमी आणि वडिलांकडे जास्त बघत होती.

सगळ्यांचं पळून झालं. मग जजनी माझ्या मुलीकडे आणि त्या छोटीकडे बोट केलं आणि म्हणाले, आता कुत्रे बदला. दीदी म्हणाल्या, ही नेहमीची रीत आहे. आपल्या सवयीचा कुत्रा सगळेच सांभाळतात. परका सांभाळता येतो का, ते बघतात. बाकीच्या तिघांनीही नंतर आपापसात कुत्रे बदलायचे होते.

माझ्या मुलीने बॉक्सर घेतला. तो ओढत होता. तिने पट्टा थोडा वर धरला, काहीतरी पुटपुटली, आणि तो उभा राहिला. छोटीने बेटाचा पट्टा हातात घेतला तो तापलेल्या तव्याची कड धरावी तसा. जजनी तिला आधी पळायला सांगितलं. ती निघाली, पण बेटा निघेना. मान वळवून माझ्या मुलीकडे बघत राहिली. छोटीने पट्टा ओढला तशी बेटा सरळ खाली बसली, आणि बसूनही तिकडेच बघत होती. आता छोटीचे वडील एकदम गप्प झाले. त्यांच्या बोलण्यापेक्षा त्या गप्प होण्याने ती जास्त घाबरली, असं मला दिसलं. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला आणि डोळे भरले.

तेवढ्यात माझी मुलगी वळली. जजकडे, बेटाकडे, छोटीकडे, सगळ्यांकडे पाठ करून, दोरीपलीकडच्या कनातीकडे तोंड करून उभी राहिली.

मला वाटलं तिला चक्कर आली. दीदींनी माझा हात सोडला. मुलीचं लक्ष सुटताच बॉक्सर खाली बसला आणि मागच्या पायाने कान खाजवायला लागला. ती वळली नाही. बेटा थोडा वेळ त्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने मान फिरवली आणि वर, आपला पट्टा धरलेल्या छोटीकडे पाहिलं. छोटी काहीतरी बोलली. बेटा उठली आणि तिच्याबरोबर धावली, अशी सुरेख, की दोरीजवळच्या दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या.

पहिला नंबर एका उंच मुलाला मिळाला, तो खरंच चांगला होता. छोटीला दुसरा. माझी मुलगी शेवटी. नंबर द्यायच्या आधी जज तिच्याजवळ थांबून काहीतरी विचारत होते. काय बोलले ते तिने आम्हाला नंतर सांगितलं. तू पाठ का केलीस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बेटा माझी वाट बघत होती, मी दिसत राहिले असते तर ती हललीच नसती. जज म्हणाले, मला वाटलंच होतं. पण याचे गुण मला देता येत नाहीत. ती म्हणाली, ठीक आहे.

दीदींना मात्र ते ठीक नव्हतं. मुलगी बेटाला घेऊन बाहेर आली तेव्हा त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. आवाजही चढवला नाही.

"तुमने जज को पीठ दिखाई," त्या म्हणाल्या.

"वो बच्ची रो रही थी, दीदी."

"तो रो लेती. तुम्हारे हाथ में तुम्हारा काम था।"

मुलीचा चेहरा लाल झाला. तिने हातातला पट्टा सर्वांत जवळच्या हातात दिला आणि कनातींच्या मागे निघून गेली. तो हात माझा होता.

असा कुत्र्याचा पट्टा मी आयुष्यात पहिल्यांदा धरला होता. दीदी दुसरीकडे तोंड करून गुडघा चोळत होत्या. मुलगी गेली त्या दिशेला बेटाने ओढ घेतली. पट्टा माझ्या बोटांत रुतला. मी सोडला नाही, एवढंच मला सांगता येईल; धीर आला म्हणून नव्हे, सोडायचा असतो हे सुचलं नाही म्हणून. मग ती मागे आली आणि माझ्या मांडीला टेकून उभी राहिली. डॉबरमन असे टेकतात, हे मला माहीत नव्हतं. पुरतं वजन टाकतात. मी हलले असते तर ती पडली असती, म्हणून मी हलले नाही. भीती गेली नाही. ती होती, आणि ते वजनही होतं, दोन्ही बराच वेळ बरोबर उभी होती.

दुपारी जातीचा वर्ग होता. मुलगी तोंड धुऊन परत आली. दीदींनी न बोलता नंबरचा बिल्ला रबराने तिच्या दंडाला बांधला, तिने न बोलता पट्टा घेतला. ती धावली, आणि मला तरी त्यात काही चूक दिसली नाही. बेटा दुसरी आली.

त्यानंतर मुलगी दीदींकडे जाईना. रविवार आले आणि गेले. सकाळी टेकडीकडे न जाता घरात बसले की मलाच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. शेवटी एक दिवस ऑफिसातून येताना मी एकटीच दीदींच्या फाटकाशी गेले. त्यांनी बेटाला आतल्या खोलीत घातलं, मी न सांगता.

मी मुलीची बाजू घ्यायला गेले होते. पोर आहे, दयाळू आहे, एवढं काय झालं, असं बोलायचं ठरवलं होतं. दीदींनी ऐकून घेतलं. मग त्यांनी मला वॉर्डातली गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांच्याबरोबर एक नर्स होती, फार मायाळू. जो मोठ्याने कण्हेल त्याच्याकडे ती धावायची. सगळे तिला दुवा द्यायचे. एकदा ती अशीच धावली, आणि ज्याच्याजवळ तिला बसवलं होतं तो आवाज न करता गेला. दीदी म्हणाल्या, तुमच्या मुलीचं मन चांगलं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, ते मी शिकवायची गरज नाही. हातातलं सोडायचं नाही, हे शिकवायची आहे.

पण त्या छोटीचा थरथरणारा ओठही मी पाहिला होता. दोन्ही घेऊन मी घरी आले आणि मुलीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिने ऐकलं, आणि अभ्यासाला बसली. पुढच्या रविवारी ती माझ्या आधी तयार होती. दीदींच्या फाटकात उभं राहून म्हणाली, "सॉरी नहीं बोलूँगी दीदी, पर आऊँगी."

दीदी म्हणाल्या, "सॉरी किसने माँगा? चप्पल में दौड़ोगी क्या? जूते पहन के आओ।"

मुलगी त्यानंतर आणखी काही हिवाळे बेटाला घेऊन धावली. मुलांच्या वर्गात मात्र पुन्हा उतरली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तिथे सगळे माझ्याकडे बघतात. मोठ्यांच्यात बेटाकडे बघतात, तेच बरं आहे." दीदींनी आग्रह केला नाही. आता बेटाचं तोंड पांढरं झालं आहे, ती उन्हात पडून असते. मुलगी बारावीत आहे, तिला वेळ नसतो. दीदींचा एक गुडघा बदलून झाला. मी अजूनही रस्त्यात कुत्रं दिसलं की गल्ली बदलते; बेटाचं फाटक तेवढं चुकवत नाही.

मला त्या सगळ्यातली एक संध्याकाळ जास्त आठवते. पहिल्या शोच्या पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिघी बेटाला घेऊन नागपूरच्या शोला गेलो होतो. बेटा तिथे आपल्या वर्गात पहिली आली. परतताना तिलवाऱ्याला, नदीच्या घाटाशी, दीदींनी गाडी थांबवायला सांगितली, बसून बसून त्यांचे पाय आखडले होते. ड्रायव्हर चहाला गेला. आम्ही पाण्याच्या जवळ जाऊन बसलो. नदी संथ होती, पुलावरून ट्रक जात होते. मुलगी खुशीत होती, बेटाच्या पायांना लागलेली माती पाण्याने धूत होती.

दीदी सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, की त्या दिवशीची तुझी चूक मी अजून चूकच मानते.

मुलगी म्हणाली, मला ठाऊक आहे. आणि मी पुन्हा तसंच करीन बहुतेक.

"करो," दीदी म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "पर एक बात बताओ। बॉक्सर का क्या?"

मुलीला कळलं नाही. दीदींनी समजावलं. छोटी रडत होती, तिचा विचार तू केलास. बेटा वाट बघत होती, तिचाही केलास. पण तुझ्या हातात तो बॉक्सर होता. परक्या माणसाच्या हाती आला होता, आपलं माणूस समोर रडत होतं, आणि तो फक्त तुझ्या भरवशावर उभा होता. तू पाठ केलीस ती त्यालाही.

दीदींच्या आवाजात राग नव्हता. वर्षभर त्यांनी हे जपून ठेवलं होतं असंही वाटलं नाही. कदाचित त्यांनाही तेव्हाच सुचलं असेल. मुलगी हातात बेटाचा ओला पाय धरून तशीच बसून राहिली. एवढ्या वेळात मीही त्या कुत्र्याचा विचार केला नव्हता. मला तो फक्त कान खाजवताना आठवत होता, आणि त्याचं मला तेव्हा हसू आलं होतं.

"वो डर गया होगा?" मुलीने विचारलं.

दीदी म्हणाल्या, माहीत नाही. कुत्रे घाबरले की कधीकधी उगाच खाजवतात. कधी नुसतीच खाज सुटलेली असते.

ड्रायव्हरने वरून हाक मारली. मी दीदींना उठायला हात दिला. बेटाने अंग झटकलं, आमच्या सगळ्यांच्या कपड्यांवर पाणी उडालं. चढ चढता चढता मुलीने दीदींना त्या बॉक्सरचं नाव विचारलं. दीदींना ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, त्या मुलीचे वडील कुठून आले होते ते शोवाल्यांना विचारता येईल का? दीदी म्हणाल्या, विचारून बघते.